लहान वेटलिफ्टरांचं वजन उतरवू नका: मुंबईतल्या पालकांशी आणि प्रशिक्षकांशी थोडं बोलायचंय

परळचा लिफ्टर

नमस्कार मंडळी. परळ-लालबाग भागातल्या एका व्यायामशाळेत मी संध्याकाळी मुलांना वेटलिफ्टिंग शिकवायला हातभार लावतो. कॉलेजात असताना विद्यापीठाकडून खेळलोय, आता नोकरी सांभाळून हे चालतं. इथे क्रिकेट, कबड्डी, मल्लखांब यांवर धाग्यांची कमी नाही, आमच्या खेळावर मात्र काहीच सापडलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

मुद्दा सरळ मांडतो. वाढीच्या वयातल्या मुलांना खालच्या वजनगटात बसवण्यासाठी उपाशी-तहानलेलं ठेवणं बंद झालं पाहिजे. मोठ्या खेळाडूनं, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, किलो-दीड किलो उतरवणं वेगळं. बारा वर्षांच्या पोरीला ट्रॅकसूटच्या आत रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं वेगळं. गेल्या मोसमात एका निवड चाचणीला हे मी समोर बघितलं. ओठ पांढरे पडलेले, सकाळपासून पाण्याचा घोट नाही. काट्यावर गटात बसली तेव्हा आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे प्लॅटफॉर्मवर पहिल्याच स्नॅचला (बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर नेण्याची उचल) बार डोक्यावर गेला आणि गुडघे लटपटले. दुसरी उचल तशीच, तिसरीही तशीच. स्नॅचच लागला नाही म्हणजे टोटल (स्नॅच आणि क्लीन अँड जर्क यांची बेरीज) नाही, आणि टोटल नाही म्हणजे नंबरही नाही. त्याहून मला जास्त खटकलं ते हे, की बाजूला उभे असलेले एक सर तिला म्हणाले, 'पुढच्या वेळी दोन दिवस आधीपासून बंद कर खाणं.'

या वयात शरीर उंची वाढवत असतं, हाडं भरत असतात. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात झपाट्यानं वाढते. नेमकं तेव्हाच आपण जेवण तोडतो. पोरगं वर्षात दोन गट वर गेलं तर ती आनंदाची बातमी आहे. आपल्याकडे त्याला 'वजन हाताबाहेर गेलं' म्हणतात.

शिवाय ज्या गटासाठी हा आटापिटा चालतो तो गट तरी टिकतो का? आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१८ मध्ये सगळे वजनगट बदलले, २०२५ मध्ये पुन्हा बदलले. आज ज्या आकड्यासाठी पोराला उपाशी ठेवतोय तो आकडा पोरगं सीनियर होईपर्यंत कागदावर असेलच असं नाही.

मोठ्या पदकांची वयं बघा. कर्णम मल्लेश्वरीनं सिडनीत २००० साली ६९ किलो गटात कांस्य मिळवलं तेव्हा ती २५ वर्षांची होती. मीराबाई चानू २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये क्लीन अँड जर्कच्या (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) तिन्ही उचली फसून टोटलशिवाय परतली. पाच वर्षांनी टोकियोत ८७ अधिक ११५ असे २०२ किलो उचलून रौप्य घेऊन आली, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. या खेळात ताकदीला पक्व व्हायला वेळ लागतो. बाराव्या वर्षीचं जिल्ह्याचं पदक पंचविसाव्या वर्षी कोणी विचारत नाही, पण बाराव्या वर्षी मोडलेला उत्साह परत येत नाही.

मुंबईतल्या इतर प्रशिक्षकांचे, पालकांचे आणि मुलांचे अनुभव वाचायला आवडतील. माझं म्हणणं पटलं नाही तरी लिहा.

डोंबिवलीची आई

दादा, वेळेवर धागा काढलात. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. टीव्हीवर बघून तिला हा खेळ शिकायचाय आणि मागेच लागलीये. घरात सासूबाईंचा विरोध आहे. वजन उचललं की उंची खुंटते, मुलीचं शरीर पुरुषी होतं, पुढे लग्नाला अडचण येते, असं सगळं ऐकून झालंय. लग्नाचं मी बघून घेईन, पण उंचीचं खरं आहे का? आणि पाठीला काही झालं तर? कोणी जाणकारांनी नीट सांगावं.

माहीमचा फिजिओ

ताई, उंचीबद्दल निश्चिंत राहा. नीट शिकवलेल्या, देखरेखीखाली केलेल्या वजनाच्या व्यायामानं उंची खुंटते याला पुरावा नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं २०२० मध्ये मुलांच्या ताकदीच्या व्यायामावर सविस्तर भूमिका जाहीर केली, तिच्यातही हेच आहे. हाडांच्या टोकाला जी वाढीची कूर्चा असते तिला इजा होते ती बहुतेक वेळा वजन अंगावर पडल्यामुळे, चुकीच्या पद्धतीनं झेपणार नाही एवढं उचलल्यामुळे, किंवा कोणी लक्ष देत नसताना पोरांनी पैज लावल्यामुळे. पुरुषी शरीराचं म्हणाल तर वयात येण्याआधी मुलांची ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि स्नायूंचा ताळमेळ सुधारल्यामुळे. दंड फुगत नाहीत.

पाठीबद्दल मात्र तुमची काळजी रास्त आहे. माझ्याकडे येणाऱ्या लहान लिफ्टरांच्या दोन तक्रारी जास्त असतात. एक गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर दुखणं. उंची भराभर वाढते तेव्हा मांडीचा स्नायू तिथल्या कोवळ्या हाडाला ओढतो, म्हणून ते दुखतं. कबड्डी आणि लांब उडीच्या मुलांमध्येही हे दिसतं. काही आठवडे स्क्वॉट आणि उड्या कमी केल्या की बहुतेकांचं निभावतं. दुसरी तक्रार कंबरेची, आणि तिच्याकडे कधीच काणाडोळा करू नका. कंबर मागे वाकवली की एका बाजूला दुखतंय आणि दोन-तीन आठवडे झाले तरी जात नाही, असं असेल तर मणक्याच्या मागच्या कमानीला बारीक तडा गेलेला असू शकतो. पट्टा घट्ट आवळून सराव चालू ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ते सांगतील तितके दिवस बार बंद ठेवा.

प्रशिक्षकांना एक विनंती. दर तीन महिन्यांनी पोरांना भिंतीला उभं करून उंचीची खूण करा. खूण एकदम वर सरकली की त्या काळात पोरगं धडपडतं, काल जमलेला स्नॅच आज जमत नाही. हातपाय लांब झालेत, डोक्याला अजून त्यांचा अंदाज आलेला नाही, एवढंच असतं. तेव्हा वजन खाली आणायचं. ओरडायचं नाही.

जुना रेल्वेवाला

परळकर, तुमची कळकळ समजली, पण थोडं उलट बोलतो.

मी रेल्वेकडून खेळलो. वडील गिरणीत होते, संपानंतर घरात काही उरलं नव्हतं. मला नोकरी मिळाली ती पदकांच्या प्रमाणपत्रांवर. आज जी पोरं येतात त्यांतल्या निम्म्यांच्या घरची परिस्थिती तशीच आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण, रेल्वे आणि पोलिसांतली खेळाडू भरती, दहावी-बारावीचे वाढीव गुण, खेलो इंडियात निवड झाली तर महिना दहा हजार रुपये खर्चाला. हे सगळं पदक दाखवल्यावर मिळतं. 'पंचविसाव्या वर्षापर्यंत थांबा' हे परवडणाऱ्या घराला सांगा. ज्या बापाला पोरगं चौदाव्या वर्षी कामाला लावायचंय, त्याच्यासमोर प्रशिक्षक एका पदकाच्या जोरावर अजून दोन वर्षं मागून घेतो. मी स्वतः असे बाप समजावलेत.

रेनकोटवाला प्रकार मलाही मान्य नाही. पण गटाचा विचार करणारा प्रत्येक प्रशिक्षक कसाई नसतो.

परळचा लिफ्टर

काका, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि ते कोणीतरी लिहायलाच हवं होतं. पदक नको असं माझं म्हणणं नाही. ते कुठल्या वयाला मागायचं, एवढाच प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत युवा गटच मुळात तेराव्या वर्षी सुरू होतो आणि सतराव्या वर्षापर्यंत जातो. नोकरीला, शिष्यवृत्तीला उपयोगी पडणारी पदकं याच चार-पाच वर्षांतली. त्याआधी अकरा-बाराव्या वर्षी काटा दाखवून काय पदरात पडतं?

आपल्या महाराष्ट्रातच बघा. वडगाव मावळची हर्षदा गरुड २०२२ मध्ये ग्रीसमधल्या हेराक्लिओनला ज्युनिअर जागतिक स्पर्धेत ४५ किलो गटात ७० आणि ८३ असे १५३ किलो उचलून पहिली आली. ज्युनिअर जागतिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय. सांगलीचा संकेत सरगर त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलोवर रौप्य घेऊन आला. सुवर्ण २४९ ला गेलं, फक्त एका किलोनं, तेही क्लीन अँड जर्कमध्ये कोपर दुखावल्यावर. त्याची बहीण काजोलनं खेलो इंडियात सुवर्ण जिंकलं. मनमाडची आकांक्षा व्यवहारे युवा जागतिक स्पर्धेत रौप्य घेऊन आली. वडगाव, सांगली, मनमाड. मुंबई या यादीत का नाही, हा प्रश्न मला झोपू देत नाही. पोरं आपल्याकडेही आहेत. त्या गावांत एकेका व्यायामशाळेत वर्षानुवर्षं तेच प्रशिक्षक, तीच पोरं, तोच प्लॅटफॉर्म असतो. आपल्याकडे पोरगं दोन वर्षांत तीन ठिकाणं बदलतं.

कांदिवली ३

जागेचाच तर प्रश्न आहे हो. माझा मुलगा ज्या जिममध्ये जायचा तिथे भिंतीवर पाटी होती, 'वजन आपटू नये'. वर सोसायटीचे लोक राहतात, त्यामुळे जिमवाल्याचंही चुकलं असं म्हणता येत नाही. पण बार खाली सोडताच येत नसेल तर स्नॅच शिकायचा कसा?

परळचा लिफ्टर

तुम्ही नेमकं दुखण्यावर बोट ठेवलंत. माझ्याकडे पोरगं आलं की उचलायच्या आधी मी त्याला सोडायला शिकवतो. हे ऐकून पालक बुचकळ्यात पडतात. हलकी काठी डोक्यावर धरायची. ती पुढे जातेय असं वाटलं तर हात पुढे ढकलून स्वतः मागे उडी मारायची, मागे जातेय वाटलं तर काठी मागे सोडून पुढे उडी. शंभर वेळा. मग पाच किलोच्या बारवर तेच. ज्या पोराला बार सोडायची भीती नाही ते बारखाली बिनधास्त बसतं. ज्या जिममध्ये सोडायला बंदी, तिथे पोरगं फसलेली उचल वाचवायला जातं, आणि कोपर-खांदे जातात ते तिथेच.

काठीपासून आम्ही वरून खाली येतो. आधी बार डोक्यावर धरून पूर्ण खाली बसणं, टाचा जमिनीवर, छाती उघडी. मग मांडीच्या वरच्या भागापासून स्नॅच, मग गुडघ्यापासून, सगळ्यात शेवटी जमिनीवरून. बार अंगाला घासत वर आला पाहिजे. तो पुढे लांब गेला की पोरगं त्याच्यामागे पुढे ओढलं जातं, मग तंत्र राहत नाही, नुसती झटापट उरते. पहिलं वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, तासभर. सोबत उड्या, दोरीवर चढणं, गोळा मागे फेकणं, पकडापकडी. 'जास्तीत जास्त किती जातंय' हे बघायला मी त्या वर्षात कोणालाच देत नाही, मुलांनी कितीही गळ घातली तरी. वहीत किलो लिहायच्या आधी मी उचल कशी होती ते लिहितो: टाचा, कोपर, बारची वाट.

जागेचं म्हणाल तर तळमजला हवाच. आमच्याकडे प्लायवूडचे थर, वर जाड रबर, आणि मधोमध काढलेली खडूची रेघ. स्पर्धेचा प्लॅटफॉर्म चार मीटर बाय चार मीटर असतो, आम्हाला तेवढा पुरत नाही, एकाच्या मागे एक उभे राहून आळीपाळीनं चालतं. पावसाळ्यात बारला गंज धरतो. दर शनिवारी पोरंच ब्रशनं घासतात, बाहीत (बारच्या टोकाचा फिरता भाग) तेलाचे दोन थेंब सोडतात आणि बाही बोटानं फिरवून बघतात. बाही फिरली नाही तर क्लीन करताना मनगटाला झटका बसतो, हे त्यांना न सांगता कळलंय. गणपतीच्या दिवसांत हॉल मंडळाकडे जातो, तेव्हा पटांगणात नुसत्या उड्या आणि काठ्या.

ठाण्याचा पंच

पंच म्हणून थोडं लिहितो, पालकांना उपयोगी पडेल.

वजन स्पर्धेच्या दोन तास आधी घ्यायला सुरुवात होते आणि ते तासभर चालतं. म्हणजे काट्यावरून उतरल्यावर मुलाला खाण्या-पिण्याला जेमतेम वेळ मिळतो. त्यात आदल्या दिवसाचं तोडलेलं पाणी भरून निघत नाही. समोर येणारं मूल थरथरतंय की घाबरलंय हे आम्हाला खुर्चीवरून दिसतं, पण नियमात त्याला थांबवायला जागा नाही. ते काम प्रशिक्षकाचं.

दुसरं कोपराचं. डोक्यावर नेताना कोपर वाकून मग सरळ झालं तर आम्ही लाल दिवा देतो, म्हणजे उचल बाद. काही मुलांचं कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही. ते स्पर्धेआधी पंचांना दाखवायचं असतं, हे कित्येक नव्या प्रशिक्षकांना माहीतच नसतं. मूल रडत खाली उतरतं आणि मग आई धावत येते, 'साहेब, त्याचा हात असाच आहे हो.'

पहिली उचल अशी द्या की ती झोपेतून उठूनही लागेल. जाहीर झालेलं वजन वाढवता येतं, बारवर चढलेलं खाली आणता येत नाही.

स्नॅचवाली

मी एकोणीस वर्षांची आहे, घाटकोपरहून येते. खेळणाऱ्या मुलीच्या बाजूनं दोन गोष्टी सांगायच्यात, कारण त्या कोणी बोलत नाही.

मी चौदा वर्षांची असताना माझी पाळी पाच महिने आली नव्हती. तेव्हा मी दुसरीकडे शिकत होते, गट राखायचा म्हणून रात्रीचं जेवण बंद होतं. सरांना सांगायची लाज वाटली, आईला वाटलं या वयात होतं असं कधीकधी. हिमोग्लोबिन तपासलं तर फार खाली होतं. डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं, शरीराला मिळतंय त्यापेक्षा जास्त खर्च होतोय. जेवण वाढलं, गट बदलला, आणि सहा महिन्यांत माझा क्लीन अँड जर्क पुढे सरकला. म्हणून मुलींच्या आयांनो, पाळीची तारीख वहीत लिहा आणि तीन महिने आली नाही तर डॉक्टरांकडे जा. प्रशिक्षकांनो, मुलींना हे कोणाला तरी सांगता येईल अशी एक ताई ठेवा.

दुसरं म्हणजे बाहेरगावच्या स्पर्धा. मुलींच्या संघासोबत बाईमाणूस हवीच. सराव चालू असताना दार उघडं, पालकांना बसून बघता येतं, अशीच जागा निवडा. जिथे 'पालकांनी थांबू नये' म्हणतात तिथे मुलीला घालू नका.

माहीमचा फिजिओ

स्नॅचवाली, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. याला जोडूनच औषधांचं लिहितो. वजन पटकन उतरावं म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळ्या देतात, त्या उत्तेजकांच्या बंदी यादीत आहेत. फ्युरोसेमाइड त्यातलंच. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये एक भारतीय लिफ्टर याच औषधामुळे अडकली होती. नियम असा की शरीरात सापडलं म्हणजे जबाबदारी खेळाडूची, 'सरांनी दिलं' म्हणून सुटका नाही. अल्पवयीन मुलांनाही बंदी लागते. पावडरच्या डब्यांचंही तेच, आत काय मिसळलंय हे डब्यावर लिहिलेलं असतंच असं नाही. अंडी, दूध, डाळ, उसळी, शेंगदाणे, भाकरी यावर लहान लिफ्टरचं व्यवस्थित भागतं. साधं खोकल्याचं औषध घ्यायचं असेल तरी डॉक्टरांना 'मूल स्पर्धा खेळतं' हे आधी सांगा.

जुना रेल्वेवाला

पोरी, तुझं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आमच्या वेळी मुलीच नव्हत्या व्यायामशाळेत, हे आम्हाला कळणार कसं?

परळकर, माझा मुद्दा मी सोडत नाही, घरची गरज खरीच असते. पण तेराच्या आत काटा नको, इतकं मान्य. जिल्हा संघटनेच्या बैठकीला मी जातो. बारा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा वजनगटांऐवजी तंत्राच्या गुणांवर घ्यावी असं मांडून बघतो. सगळ्यांना एकच हलका बार, पंच टाचा-कोपर बघून गुण देतील. प्रमाणपत्रही मिळेल आणि पोरगं जेवूनही येईल.

ठाण्याचा पंच

काका, हे मांडाच. गुणपत्रिका मी तयार करून देतो, आणखी दोन पंचही आणतो.

डोंबिवलीची आई

सगळं प्रिंट काढून सासूबाईंना वाचून दाखवलं. फिजिओंचं म्हणणं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. आता त्यांचा प्रश्न एवढाच की पोरगी इतक्या लांब लोकलनं येणार कशी. दादा, डोंबिवली-कल्याणच्या बाजूला कोणी आहे का? आणि बूट कुठले घ्यायचे?

परळचा लिफ्टर

ताई, रोज डोंबिवली-परळ करू नका. संध्याकाळच्या गर्दीत दीड तास उभं राहून आलेलं मूल सराव करू शकत नाही. तुमच्या बाजूला जिथे जाल तिथे आधी एक दिवस बाकावर बसून बघा. लहान पोरांच्या हातात काठी आहे की थेट वजन? फसलेला बार सोडू देतात का? काट्याशेजारी कोणी रडतंय का? बूट आत्ता नकोत, पाय अजून वाढतोय. सपाट, कडक तळव्याचे साधे बूट वर्षभर पुरतात. जन्मदाखल्याची मूळ प्रत जपून ठेवा, वयाच्या पडताळणीला ती लागतेच.

जुना रेल्वेवाला

ताई, कल्याणला माझ्या ओळखीचे एक सर आहेत, पोरांना मारझोड नाही की उपास नाही. निरोप पाठवतो, व्यक्तिगत संदेश बघा.

परळकर, माझ्याकडे दहा किलोचा एक बार माळ्यावर पडून आहे. बाह्या थोड्या अडकतात, बाकी सरळ आहे. हवा असेल तर सांगा.

परळचा लिफ्टर

हवा आहे काका. रविवारी सकाळी दोन पोरांना घेऊन येतो, मालडब्यातून आणू.